परखी

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात सध्या माह्या तोंडाले आराम नाई. दुकानात बसलो का कोनी ना कोनी येते, चहा पेते अन् इचारते, "खेमचंदशेठ, नातीले एवढे मार्क होते म्हनता, मंग शेतकीच्या कॉलेजात काहून टाकली?" टाकली म्हने. पोत्यात भरून टाकली काय मी तिले? ती गेली. अन् कशी गेली ते एकदाचं नीट सांगतो, म्हंजे पुन्हा पुन्हा चहा पाजायची गरज नाई.

माह्यं भुसाराचं दुकान हाय, वाशिम रोडले. तूर, हरभरा, सोयाबीन. बापानं टाकलं, मी वाढवलं, आता पोरगा श्रेयांस चालवून राह्यला अन् मी गादीवर बसून चिडचिड करायचं काम पाहतो. माह्या हाताशी एक चीज कायम असते, परखी. लोखंडाची टोकदार नळी. बंद पोत्यात खुपसायची अन् बाहेर काढायची, का मूठभर दाने नळीत येतात. वरचे नाई, पोटातले. पोत्यावर काय छापलं हाय ते मी कधी वाचत नाई. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असते.

दुसरी गोष्ट. आमी जैन. दिवस बुडाल्यावर जेवत नाई अन् जीव मारत नाई. माह्या दुकानात धान्याले विषाची गोळी कधी लागली नाई. बाकीचे टाकतात, टाकोत. आमची अंगुरीबाई, म्हंजे माही बायको, डाळ निवडाले बसली का निघालेला एकेक किडा वाटीत घेते, मांगच्या अंगनात सावलीले सोडते अन् वरून दोन दाने त्याच्यापुढे टाकते. माही नात रुचिका, श्रेयांसची पोरगी, हे पाहतच मोठी झाली. बाकीच्या पोरी बाहुल्या घेऊन बसत, ही वाटीतले किडे पाहत बसे. "दादाजी, गव्हातला हा सोंड्या हरभऱ्यात काहून नाई जात?" मले काय माहीत बाप्पा. मी म्हनो, त्याले आवडत नसन.

ती अकरावीत होती तवा जगदेवचं झालं. जगदेव आमचा जुना कास्तकार, बापाच्या काळापासून घरोबा. त्यानं बियान्यासाठी राखलेला हरभरा माह्या गोदामात ठेवला होता. पेरायच्या वक्ताले पोतं उघडलं तं आत नुसते भुंगे. दान्यादान्याले गोल भोक, जसं कोन्या कारागिरानं पाडलं. जगदेव ओरडला असता तं बरं झालं असतं. तो शांतपनं म्हने, "शेठ, पुन्य तुमच्या खात्यात अन् भोकं माह्या हरभऱ्यात. हे कसं काय जमवलं गा?"

मी त्याले दुसरं बियानं देलं, पन ते बोलनं गळ्यात अडकून बसलं. रुचिका तिथंच होती. तिनं भोकाचे दाने तळहातावर घेतले अन् बराच वेळ पाहत राह्यली. मंग म्हने, "दादाजी, गोळी न टाकता हे थांबलं पाह्यजे." मी म्हनलं, थांबव बाई. लेकराशी बोलतो तसं बोललो. तिनं ते खरं धरलं, हे मले तवा समजलं नाई.

बारावी झाली, इंजिनिअरिंगची अन् शेतकीची अशा दोन्हीकडच्या परीक्षा तिनं देल्या अन् मार्क आले. असे आले का माही छाती शर्टात मावेना. मी तिले न इचारता सगळीकडे सांगून मोकळा झालो, रुचिका पुन्याले चालली, कम्प्युटर इंजिनिअरिंगले. पानटपरीवर सांगतलं, बस स्टँडवर सांगतलं. मंदिरात आमच्या मंडळाचा सेक्रेटरी नमन, पर्युषणातल्या सत्कारासाठी नावं घेत होता, त्याले तं कॉलेजचं नाव दोनदा लिहाले लावलं, चुकू नये म्हनून.

दुसऱ्या दिवशी जेवताना रुचिका म्हने, "दादाजी, मले किड्यांचं शिकाचं हाय. शेतकीच्या कॉलेजात."

माह्या हातातली पोळी तशीच राह्यली. "किड्यांचं? जैनाच्या घरची पोरगी अन् किडे मारायचं शिकनार? अन् मार्क? ते सगळे वाया जातीन त्याचं काय?"

"मार्क काय दूध हाय, नासाले?" ती म्हने.

श्रेयांस हसला. मी त्याच्याकडे असं पाह्यलं का त्यानं ताटात मान घातली. मी मंग लय बोललो. समाजात नाक काय राहीन, लोक म्हनतीन पोरगी नापासच झाली असन, शेतकीले तं ज्याले कुठं भेटत नाई तो जाते. पुन्याचं ते कॉलेज साऱ्या महाराष्ट्रात पयल्या नंबरचं, तिथं नंबर लागाले लोक तरसतात. रुचिकानं सगळं ऐकून घेतलं. तिची ही खोड हाय, भांडत नाई, ऐकून घेते, अन् मंग एकच वाक्य असं बोलते का मानसाची पंचाईत होते.

"दादाजी, तुमी पोत्यावरचं छापील वाचून माल घेता काय?"

"नाई."

"मंग माह्यं कॉलेज काहून तसं घेता?"

अंगुरीबाई भाजी वाढत होती. तिनं माह्या ताटात दुप्पट वाढली, म्हंजे माह्यं तोंड बंद राहीन. मी चिडलो होतो, पन आता दुकानाच्या इमानाचा सवाल आला. मी म्हनलं, "ठीक हाय. चाल. तुह्या शेतकीच्या कॉलेजांले परखी मारू. पन एकही खरं नाई निघालं तं पुन्याचाच फॉर्म भराचा अन् मंग कुरकुर नाई."

ती म्हने, "मंजूर." इतक्या लवकर मंजूर झालं का मले वाटलं, भावात आपलंच चुकलं.

पयल्यांदा एका लय नावाजलेल्या शेतकी कॉलेजात गेलो. नाव नाई घेत, उगाच कायले. कमान अशी का खालून हत्ती जावा. बाग, कारंजं, भिंतीवर मोठमोठे फोटो. मलेही वाटलं, शेतकी तं शेतकी, पन ठाठ हाय. आत एक सर भेटले. रुचिकाचे मार्क पाहून खूश झाले, म्हनाले, तुझी ॲडमिशन पक्की समज. मंग म्हनाले, "काही विचारायचं आहे का?"

लोकं हॉस्टेलचं इचारतात, नोकरीचं इचारतात. हिनं इचारलं, "सर, किड्यांची पेटी करावी लागते ना? पकडून, बाटलीत मारून, टाचनीले लावून? मी जैन हाय. मी मारनार नाई. पन मले किड्यांचंच शिकाचं हाय. तं कसं करता येईन?"

सर हसले. बाजूच्या टेबलावरचे दोघंही हसले. "अगं, मग त्यात काय! तयार पेटी विकत मिळते बाहेर. निम्मी पोरं तेच करतात. आणायची, नाव घालायचं, द्यायची."

हिनं जेवनाचं इचारलं. मेस रात्री उशिरा उघडे. सर म्हनाले, बिस्किटं ठेव जवळ.

तिनं "थँक्यू सर" म्हनलं अन् बाहेर आली. खरं सांगतो, मले मनातून बरं वाटलं. एक पोतं खोटं निघालं, पुनं जवळ आलं. पन बाहेर आलो अन् मले घुस्साही येऊन राह्यला. कायचा, ते समजेना. बस स्टँडवर दिवस बुडायच्या आत ती डबा काढून जेवाले बसली, तवा समजलं. दाखवाले एक माल अन् घरात दुसरा, हे भुसाराच्या धंद्यात केलं तं बजारात कोनी उभं करत नाई. अन् हे कॉलेजात शिकवून राह्यले.

तरी मी तिले म्हनलं, "तू आधीच काहून सांगते वो सगळं? ॲडमिशन घे, मंग पाहता येते."

तिनं पोळीचा घास मोडला. "चार वर्ष रायचं हाय, दादाजी. चार वर्ष लपवून जेवू काय?"

मी तिच्या डब्यातलं लोनचं घेतलं.

दुसऱ्या एका कॉलेजात गेलो, तिथं किड्यांच्या लॅबले कुलूप होतं अन् चाबी कोनाकडे हाय हे कोनालेच ठाव नव्हतं. शिपाई म्हने, तपासनीवाले आले का उघडते. ते पोतं तं मी परखी न मारताच वापस केलं. रुचिका त्या दिवशी बसमध्ये खिडकीतून बाहेर पाहत राह्यली. तिच्या यादीत आता एकच कॉलेज उरलं होतं. तेही खोटं निघालं तं ती शब्दाची पक्की, पुन्याले गेली असती, हसत गेली असती, अन् मले ते हसनं पाहावं लागलं असतं. मले जितल्यासारखं वाटाले पाह्यजे होतं. नाई वाटलं.

तिसरं आमच्याच जिल्ह्यातलं, लहानसं. ना कमान ना कारंजं. बोर्डाचा रंग उडालेला. किड्यांचं शिकवनाऱ्या ज्योत्स्ना मॅडम शेतातून आल्या, चपलेले चिखल, हातात जाळीचा पिंजरा. त्याच्यात हिरव्या अळ्या. रुचिकाचं ध्यान मॅडमकडे नाई, पिंजऱ्याकडेच. मंग तिनं तोच सवाल इचारला, तसाच, शब्द न बदलता.

मॅडम हसल्या नाईत. हो बी म्हनल्या नाईत. पिंजरा टेबलावर ठेवून बसल्या अन् म्हनाल्या, "तू मारणार नाहीस. ठीक आहे. मग उद्या शेतकरी तुझ्यापुढे उभा राहील, त्याचं पीक अळीनं खाल्लेलं असेल. त्याला काय सांगशील? बसून बघ?"

मले वाटलं, संपलं. मी मधात बोलाले तोंड उघडलं, रुचिकानं माह्या हातावर हात ठेवला.

"मॅडम, आमचं धान्याचं दुकान हाय," ती म्हने. "आमी गोळी टाकत नाई. दोन वर्षांमांगं जगदेवकाकाचा हरभरा आमच्या गोदामात भुंग्यानं खाल्ला. त्याईचं नुकसान आमच्या नेमानं झालं. ते मले बरोबर नाई वाटत. नेम आमचा, तं त्रास बी आमीच घ्यावा, दुसऱ्यानं काहून? मी मंग करून पाह्यलं. हरभऱ्याची डाळ केली का भुंगा फारसा लागत नाई. कडक वाळवून बंद कोठीत ठेवला तं कमी लागते. पन मॅडम, बियानं डाळ करून पेरता येत नाई. अन् शेतातल्या अळीचं तं मले काहीच समजत नाई. तिथं माही अक्कल संपते. म्हनून शिकाले यायचं हाय. किडा मारायची पाळीच येऊ नये, त्याचं."

मी या पोरीले रांगताना पाह्यलं. बोबडं बोलताना पाह्यलं. तिच्या तोंडून जगदेवचं नाव निघालं अन् मले पयल्यांदा उमगलं, का जे बोलनं माह्या गळ्यात अडकून बसलं होतं, ते हिनं काढून हातात घेतलं होतं, अन् त्याचाच रस्ता करून राह्यली होती. माह्ये डोळे भरले. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं तिकडे तोंड केलं. आपल्या घरात एवढं मोठं मानूस राहते अन् आपन तिच्या मार्कांचा हिशोब करत फिरतो.

मॅडमनं पिंजरा बाजूले सरकवला. मंग म्हनाल्या, "मारण्याचं शिकायला एक पुस्तक पुरतं. तू म्हणतेस त्याला सगळा जीवनक्रम पाठ लागतो. कधी अंडी घालतो, कुठे लपतो, काय टाळतो. दुप्पट काम आहे."

"चालते."

"पेटी तर द्यावीच लागेल. पण आपोआप मेलेले चालतील. सकाळी दिव्याखाली पडलेले असतात. मात्र पाय तुटलेला चालणार नाही, पंख फाटलेला चालणार नाही. बाकीचे चार दिवसांत पेटी भरतील, तू अख्खा हंगाम वाकून फिरशील. आणि मी मार्क वाढवून देणार नाही."

"वाढवू नका," रुचिका म्हने. तिचं तोंड उजळलं होतं.

मॅडमनं लगेच प्राचार्यांना इचारून घेतलं, पोरीपुढेच, म्हंजे मागून कोनी पलटाले नको. मंग मी म्हनलं, मेसही दाखवा. तिथं भागिरथाबाई सैपाक करे, मजबूत बाई. मी तिले सांगतलं, पोरगी दिवस बुडायच्या आत जेवते, कांदा, लसून, आलू खात नाई. ती म्हने, "आलू खात नाई अन् शेतकी शिकते? आलूवर पेपर आला मंग?"

"लिहीन ना काकू," रुचिका म्हने. "खाले थोडीच सांगतात पेपरात."

भागिरथाबाई हसली. "दिवस कलला का मी पोळ्या टाकाले बसतो. पयल्या पोळ्या तुह्या. पन तव्यापाशी येऊन बसाचं, मी हाका मारनार नाई."

घरी आलो, तिनं मोबाईलवर पयला पर्याय ते लहानसं कॉलेज टाकलं, दुसरा टाकलाच नाई, अन् माह्यापुढे धरलं. म्हने, "दादाजी, बटन तुमी दाबा." मी दाबलं. अंगुरीबाईनं साखर ठेवली दोघांच्या हातावर. माह्या हातावर जरा जास्तच ठेवली.

पन खरी परीक्षा पुढेच होती, अन् ती माही होती.

पर्युषणात मंदिराच्या सभागृहात सत्कार. कारंजा गावचे पाहुने, वाशिमचे पाहुने, सारा समाज बसलेला. नमन माईकवर नावं वाचत होता. कोनी मेडिकल, कोनी सीए, टाळ्याच टाळ्या. रुचिकाचं नाव आलं. ती उठली. अन् नमननं वाचलं, "कम्प्युटर इंजिनिअरिंग, पुणे." मीच लिहाले लावलं होतं ना, दोनदा. अख्खं सभागृह टाळ्या वाजवाले लागलं. रुचिका स्टेजच्या पायरीवर थांबली. तिनं वळून माह्याकडे पाह्यलं.

चूप बसलो असतो तं कोनाले कळलं नसतं. टाळ्या त्याच, शाल तीच, माह्यं नाकही जागच्या जागी. पन दुसऱ्याच्या पेटीवर नाव घालून द्याचं ते हेच, नाई काय? मी उठलो. गुडघे कुरकुरले, म्हनून अंमळ वेळ लागला.

"नमन, थांब गा जरासा," मी म्हनलं. "चुकीचं लेबल लागलं. मीच लावलं होतं. रुचिका पुन्याले नाई चालली. ती आपल्या जिल्ह्यात शेतकी शिकाले चालली. किड्यांचं. न मारता."

टाळ्या बंद झाल्या. मांगून कोनीतरी म्हने, आवाज दबका पन ऐकू येईन असा, "मार्क कमी पडले काय?"

मी वळलो. घुस्सा आला होता, पन आवाज चढला नाई, याचं मलेच नवल वाटलं. म्हनलं, "मार्क कमी नाई पडले. कॉलेजं कमी पडले. हे एकच पुरलं."

मंग पयल्यांदा अंगुरीबाईनं टाळी वाजवली, बायकांच्या बाजूनं. मंग सगळ्यांनी. रुचिका वर गेली, शाल घेतली, नारळ घेतला अन् खाली येऊन नारळ माह्या हातात देला. अंगुरीबाई घरी जाताना म्हने, "एवढं चांगलं बोलता येते तं घरात काहून नाई बोलत?"

आता पयलं वर्ष सरत आलं. रोज दिवस कलला का तिचा फोन येते, तव्यापाशी बसून. आज दिव्याखाली काय सापडलं, पाय साबूत होते का नव्हते. मले अर्ध समजत नाई, पन मी सगळं ऐकतो अन् दुसऱ्या दिवशी दुकानात सांगतो. लोकं उठून जातात, जावोत.

परवा जगदेव आला. हरभरा निघाला हाय, बैलगाडीत बियान्याचं पोतं. मी परखी घेतली, पोत्यात घातली, दाने तळहातावर पाह्यले. टपोरा माल.

"शेठ, ठेवू काय तुमच्याकडे?" जगदेवनं इचारलं. "का यंदाही गोळी नाई?"

"गोळी यंदाही नाई."

"मंग भुंग्याचं?"

"मॅडमले इचारून रुचिकानं कोठी सांगतली, हवा जात नाई अशी. आपन ठेवू, मधात ती सुट्टीत येऊन पाहीन. पुरती खात्री ती बी देत नाई. नुकसान झालं तं माह्यं." मी दाने पुन्हा पोत्यात सोडले. "बाकी, तिचं त्याचंच शिक्षन चालू हाय."

जगदेवनं माह्याकडे पाह्यलं, मंग पोत्याकडे. अन् खांद्याले लावून पोतं गोदामात नेलं.